वाळूवरची काळी वाट



डांबरी सडक ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे आपले लक्ष जाते ते फक्त खड्डा लागला म्हणजे. आणि खड्डा लागला की आपण पावसाला दोष देऊन मोकळे होतो. कोकणात, घाटात, मुंबईत तो दोष बऱ्याच अंशी रास्तही आहे. मग सहज मनात येते, जिथे पाऊसच नाही तिथल्या सडका वर्षानुवर्षे कशा आरशासारख्या राहत असतील! मलाही बरेच दिवस असेच वाटत असे. पण वाळवंटातल्या सडकांची हकिगत चाळू लागलो तेव्हा गोष्ट उलटीच निघाली. डांबराचा तिथला मोठा वैरी सूर्य. आणि वाळवंटात पाऊस पडतच नाही, ही समजूतही तितकीशी खरी नाही. तो क्वचित पडतो. पण पडतो तेव्हा सडक कुठे आहे हे विचारून पडत नाही.

आज सांगणार आहे ती हकिगत अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली, कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या दोन राज्यांतल्या उजाड मुलखातली आहे. मोठ्या राजमार्गांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला जास्त कुतूहल आहे ते त्या राजमार्गावरून फुटून कुणाच्या तरी एकाकी घरापर्यंत जाणाऱ्या वाटेचे. ती वाट कुणी केली, कशाने केली, आणि ती राखायची कुणी?

आधी डांबराविषयी दोन शब्द. मराठीत आपण ‘डांबर’ या एकाच शब्दात दोन निरनिराळे पदार्थ कोंबले आहेत. दगडी कोळशापासून कोक आणि वायू काढताना उरते ते एक. आणि खनिज तेल गाळल्यावर सर्वांत जड गाळ तळाशी राहतो तो दुसरा. या दुसऱ्याला इंजिनिअर मंडळी बिट्युमेन म्हणतात. अमेरिकेत त्यालाच अस्फाल्ट म्हणतात. आणि घोटाळ्यात कमतरता राहू नये म्हणून की काय, त्यात खडी व वाळू कालवून जे मिश्रण होते त्यालाही अस्फाल्टच म्हणतात. या मिश्रणात शंभर भागांत डांबर असते जेमतेम पाच भाग. बाकी सगळा दगड. म्हणजे डांबरी सडक ही खरे तर दगडाचीच सडक. डांबर हा नुसता डिंक. हे एवढे ध्यानात ठेवले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

हा डिंक माणसाच्या हाती आला तोही वाळवंटाच्या कडेलाच. इराकात युफ्रेटिसच्या काठी हीत नावाचे गाव आहे. तिथे जमिनीतून डांबर आपोआप वर येते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने या जागेची नोंद केली आहे. बाबिलोनपासून आठ दिवसांच्या वाटेवर, असे तो सांगतो, आणि बाबिलोनच्या तटबंदीला इथलेच डांबर वापरल्याचेही सांगतो. दुसरा नेबुखद्नेझर इ. स. पूर्व ६०५ ते ५६२ या काळात राज्य करीत होता. त्याने देवाच्या मिरवणुकीसाठी जो मोठा मार्ग बांधला त्याच्या विटा डांबरात बसवलेल्या होत्या. आपल्याकडे मोहेंजोदडोच्या मोठ्या स्नानकुंडातून पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला सापडला, तो तर याहूनही कितीतरी जुना. पण एवढे असूनही सडकेच्या पाठीवर डांबर चढायला पुढे दोन-अडीच हजार वर्षे जावी लागली. कारण गरजच नव्हती. बैलाच्या खुराला आणि लोखंडी धावेला खडीची सडक पुरेशी होती.

ती खडीची सडक कशी करावी हे शिकवले जॉन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाने. १८१६ साली तो ब्रिस्टलच्या सडकांचा मुख्य झाला. खाली मोठाले धोंडे रचण्याची मुळीच गरज नाही. जमीन कोरडी ठेवा, सडक थोडी उंच धरा, आणि वर सारख्या आकाराची फोडलेली खडी दाबा, म्हणजे ती एकमेकींत अडकून बसते, हे त्याचे सांगणे. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात कामावर बसून हातोडीने खडी फोडली, त्यांना मॅकॅडमचे नाव ठाऊक नव्हते. पण खडीचा आकार किती हे मुकादम पुन्हा पुन्हा का बजावतो, ते चांगले ठाऊक होते. खडीच्या फटींत बारीक भुकटी बसते, ती पाण्याने ओली होऊन आवळते, आणि सडक घट्ट होते. लोखंडी धाव उलट आणखी भुकटी पाडून सडकेला मदतच करी.

मोटार आली आणि हे सगळे गणित बिघडले. रबरी चाक भुकटी पाडत नाही. ते असलेली भुकटी ओढून मागे उधळते. शिवाय वेग. सडकेवरचा धुरळा शेतात, घरात, डोळ्यांत जाऊ लागला आणि मागे खडी सुटी पडू लागली. मोनॅकोत डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या स्विस डॉक्टरने १९०२ साली सडकेवर गरम डांबर फासून धुरळा बसवून दाखवला. लोक त्याला ‘डॉक्टर डांबर’ म्हणू लागले. त्याच वर्षी इंग्लंडात हूली या सर्वेयरने डांबर आणि भट्टीतली मळी यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. अमेरिकेत नेवार्क शहरात १८७० साली, आणि मग १८७६ साली वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर, खऱ्या अस्फाल्टची फरसबंदी झालेली होती. पण ती शहराची चैन होती. तिचा माल त्रिनिदाद बेटावरच्या डांबराच्या तळ्यातून जहाजाने येई.

खेड्याकडे डांबर गेले ते धुरळ्यापायी, आणि ते कॅलिफोर्नियात अगदी लवकर गेले. तिथे तेलाच्या विहिरी लागल्या होत्या, आणि तिथले तेल जड, डांबरानेच भरलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या आसपासच्या मातीच्या वाटांवर ते कच्चे तेल सरळ शिंपडू लागले. सडक बांधावी हा हेतू नव्हता. नुसता धुरळा दबावा एवढाच. पण पुन्हा पुन्हा शिंपडल्यावर वर एक काळी, कडक साय धरू लागली, आणि हीच सडक होऊ शकते हे लोकांच्या ध्यानात आले. हे काही सगळीकडे साधले नाही. जिथे खालची जमीन घट्ट तिथे साय टिकली; जिथे भुसभुशीत तिथे दोन महिन्यांत पापड मोडावा तशी मोडली.

आता वाळूकडे येऊ. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे. लांबी चाळीस मैलांच्या वर, रुंदी जास्तीत जास्त पाच-सहा मैल. पट्टा अरुंद, पण आडवा. सान डिएगो बंदरातून पूर्वेला युमा गाठायचे तर तो ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. ओलांडायचा नसेल तर लांबचा वळसा. आणि तो वळसा घेतला की सगळी रहदारी लॉस एंजेलिसच्या पदरात पडणार! दोन शहरांची ही चुरस होती. सान डिएगोचे एक धनिक व्यापारी कर्नल एड फ्लेचर यांनी १९१२ साली लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्राच्या बातमीदाराशी पैज लावली, की तुम्ही तुमच्या वाटेने या, मी माझ्या वाटेने येतो, फिनिक्सला आधी कोण पोचतो ते पाहू. फ्लेचर यांनी सरळ वाळूतून मार्ग धरला. साडेएकोणीस तासांत ते पोचले आणि पैज जिंकली. मौज एवढीच, की वाळूच्या टेकड्यांत त्यांची मोटार सहा घोड्यांनी ओढून नेली होती. पैज जिंकली ती मोटारीने की घोड्यांनी, हे ज्याने त्याने ठरवावे.

घोडे जुंपून रहदारी चालत नाही, हे फ्लेचर यांनाही कळत होते. त्यांनी वर्गणी गोळा केली आणि तेरा हजार फळ्या विकत घेऊन धाडल्या. इंपीरियल परगण्याच्या कारभारी मंडळातले एड बॉईड यांनी हा नाद उचलून धरला. १९१५ च्या फेब्रुवारीत पहिली फळी पडली आणि एप्रिलच्या आरंभी काम पुरे झाले. मजूर थोडे आणि स्वयंसेवकच पुष्कळ. साडेसहा मैल लांबीची ही लाकडी सडक! सडक तरी कसली? चाकांपुरत्या पंचवीस-पंचवीस इंच रुंदीच्या दोन पट्ट्या, खाली आडव्या फळ्यांना खिळ्यांनी ठोकलेल्या, आणि मध्ये वाळू. आगगाडीचे रूळ लाकडाचे करावेत तसे. चाक पट्टीवरून घसरले की मोटार पोटापर्यंत रुतलीच.

वर्षभरात तिचे पार वाटोळे झाले, आणि १९१६ साली राज्याच्या सडक खात्याने नवा घाट घातला. ओगिल्बी नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळ कारखानाच मांडला, तिथे आठ फूट रुंदीचे तयार फळकुटे करायची, घोड्यांच्या गाडीवरून नेऊन वाळूवर एकापुढे एक मांडायची. कल्पना डोकेबाज होती. टेकडी सरकून सडकेवर आली तर फळकूट उचलायचे आणि बाजूला मांडायचे. वाळू हलते ना, मग सडकही हलती ठेवा! दर हजार फुटांवर समोरची गाडी जाऊ देण्यासाठी रुंद जागा ठेवली होती.

प्रत्यक्षात काय झाले? वाळू एका रात्रीत सडक झाकून टाकी. खेचरांना फळी जुंपून वाळू ओढत बसणे हे रोजचे काम होऊन बसले. मोटारी तासाला दहा मैलांच्या वर जाऊ शकत नसत, आणि त्या दहा मैलांतही हाडे खिळखिळी होत. गर्दीच्या दिवशी दोन्हीकडून रांगा लागल्या म्हणजे मागे कोणी हटायचे यावरून भांडणे जुंपत. इंजिने तापत, टायर फुटत, पाणी संपे. तरीही लोक जात राहिले, दहा वर्षांहून अधिक काळ. आज ती सडक आपल्याला गमतीची वाटते. पण युमापलीकडच्या शेतकऱ्याला, घरी आजारी माणूस असलेल्याला, तीच एक वाट होती.

ऑगस्ट १९२६ मध्ये फळ्यांची सद्दी संपली. त्याच वाळूचा बांध घालून त्यावर वीस फूट रुंद अस्फाल्टची सडक झाली. इथे एक गोष्ट मला फार शिकण्यासारखी वाटते. वाळूला अडवू गेले की ती साचते. भिंत घाला, कुंपण घाला, वाऱ्याचा जोर तिथे मंदावतो आणि वाळू तिथेच बसते. उलट सडक आसपासच्या जमिनीहून थोडी उंच, गुळगुळीत आणि सौम्य उताराच्या कडांची असली तर वारा तिच्यावरून वाळू झाडून पलीकडे नेतो. फळ्यांच्या सडकेला फटी होत्या, कडा होत्या, खाचा होत्या. प्रत्येक फट म्हणजे वाळूला बसायला पाट मांडलेला. काळ्या सपाट पाठीवर तिला बसायला जागाच उरली नाही. उरली नाही म्हणजे अगदीच नाही असे नव्हे. झाडू मारावाच लागतो. पण वाळू रोज उपसणे गेले.

राजमार्गाचा प्रश्न असा सुटला. घरापर्यंतच्या वाटेचे काय?

पहिल्या महायुद्धात विषारी वायूने ज्यांची फुप्फुसे जळली होती अशा सैनिकांना पासाडेनाचे डॉ. जेम्स लकी १९२० नंतरच्या काळात मोहावी वाळवंटात ट्वेंटीनाईन पाम्स या ठिकाणी पाठवू लागले. कोरडी, स्वच्छ हवा हेच औषध. काही जण बरे झाले, तिथेच जमिनी घेऊन राहिले. पुढे १९३८ च्या जूनमध्ये लहान तुकड्यांचा कायदा झाला. शेतीला निरुपयोगी अशी सरकारी जमीन पाच-पाच एकरांनी भाड्याने द्यायची, आणि ठरल्या मुदतीत तिच्यावर छोटेसे घर बांधले तर विकत द्यायची. युद्धानंतर या जमिनींवर लोकांची झुंबड उडाली. विशेषतः १९५० नंतर लॉस एंजेलिसकडचे कारकून, कामगार, शिक्षक, सुटीच्या दिवशी मोटारीत लाकूड आणि खिळे टाकून यायचे आणि आपले खोपट स्वतः उभे करायचे. जिथे सशांशिवाय कुणी नाही अशा जागी हे घर, म्हणून लोक त्यांना थट्टेने ‘सशांची वतने’ म्हणत. १९७६ साली तो कायदा रद्द झाला. खोपटी पुष्कळ मोडली, तरी आजही तिथे माणसे राहतात.

या जमिनींच्या कागदात एक कलम असे. प्रत्येक तुकड्याच्या हद्दीलगत तेहतीस फुटांपर्यंतची पट्टी वाटेसाठी आणि तारा-नळांसाठी राखलेली. म्हणजे वाटेला जागा दिली. वाट नाही दिली. सर्वेयरने कागदावर सरळ रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा ओढ्यांतून गेल्या, खडकांवरून गेल्या, वाळूतून गेल्या. ट्रॅक्टर किंवा ग्रेडर एकदा फिरवला की झाली वाट. आणि मग ती परगण्याच्या देखभालीच्या यादीत घेतली जाईच असे नव्हे. यादीत घेण्यापूर्वी परगणा म्हणे, आधी आमच्या मापाची सडक करून द्या. लोक म्हणत, तेवढे पैसे असते तर पाच एकरांवर कशाला आलो असतो!

पेट्रोलवरचा कर सडकांना लावायचा ही युक्ती ओरेगन राज्याने १९१९ साली काढली, कॅलिफोर्नियाने १९२३ साली उचलली. आपल्याकडे हाच विचार एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली पुढे आला. १९२७ साली नेमलेल्या सडक समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या समितीने सांगितले की सडकांचा भार आता केवळ प्रांतांना आणि लोकल बोर्डांना पेलणारा नाही. पेट्रोलवर जादा जकात घ्या आणि तिचा वेगळा निधी करा. १९२९ साली तसा निधी झालाही. तत्त्व दोन्हीकडे सारखेच, की सडक जो वापरतो त्याने तिचे मोल द्यावे. पण सशांच्या वतनावर राहणारा माणूसही पेट्रोल भरतोच की! तो कर भरतो, आणि त्याच्या दारापुढची सडक सरकारी यादीत नसल्यामुळे तो पैसा दुसऱ्याच्या दारापुढे खर्च होतो. कॅलिफोर्नियाचा दिवाणी कायदा अशा खाजगी वाटेविषयी सांगतो की तिचे मालक जेवढा वापर करतील त्या प्रमाणात त्यांनी डागडुजीचा खर्च सोसावा, आपसांत करार असेल तर त्याप्रमाणे. हे कागदावर ठीक. पण वापर मोजायचा कुणी? सर्वांत टोकाला राहणाऱ्याचे घर म्हणजे सबंध वाट, आणि तोंडाशी राहणाऱ्याला दहा पावलेच. त्याने हात आखडला तर?

आमच्या लहानपणी गावच्या सडकेवर मैलकुली असायचा. मैल-दोन मैल त्याच्याकडे नेमून दिलेले. पाऊस सुरू होण्याआधी मोऱ्या साफ करणे, साइडपट्टीवर मुरूम टाकणे, हाताएवढा खड्डा तळहाताएवढा असतानाच बुजवणे. आम्ही मुले त्याला फावड्यावर रेलून विडी ओढणारा माणूस एवढेच समजत होतो. या वाळवंटातल्या वाटांविषयी वाचताना मला तो मैलकुली वारंवार आठवला.

कारण डांबर नसले तर काय होते ते पाहा. कोरड्या मातीच्या वाटेवर मोटारी जाऊ लागल्या की काही दिवसांत आडव्या लाटा उठतात, अगदी पन्हाळी पत्र्यासारख्या. ग्रेडरने सपाट करा, पुन्हा त्याच लाटा. २००७ साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूच्या फिरत्या थाळीवर साधे चाक चालवून पाहिले. स्प्रिंग नाही, इंजिन नाही, तरी लाटा उठल्याच. मात्र चाकाचा वेग एका मर्यादेच्या वर गेला तरच. त्या मर्यादेच्या खाली वाट सपाट राहते, पण तो वेग इतका कमी की मोटार घेऊन काय उपयोग! दुसरे म्हणजे धुरळा. फुप्फुसे जपायला आलेल्या माणसाच्या दारावरून दिवसातून वीस मोटारी जाव्यात आणि त्याने खिडक्या लावून बसावे! शिवाय ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या मातीत काही ठिकाणी एक बुरशी असते. तिचे कण श्वासातून गेले म्हणजे ‘व्हॅली फीव्हर’ नावाचा फुप्फुसांचा विकार जडू शकतो. तेव्हा तिथे डांबरीकरण म्हणजे नुसती ऐट नव्हे.

म्हणून चार शेजारी एकत्र येतात, पदरचे पैसे घालतात आणि वाट डांबरी करून घेतात. इथूनच खरी परीक्षा.

पहिली चूक होते ती खाली. वरचा काळा थर दिसतो, म्हणून लोक त्याचेच भाव विचारतात. पण भार पेलतो तो खालचा खडी-मुरुमाचा थर. वाळू सुटी असते. चार बाजूंनी आवळलेली असली तर तिच्यासारखी भक्कम नाही, आणि कडेने मोकळी सोडली तर तिच्यासारखी दगाबाज नाही. पाणी मारून, रूळ फिरवून ती दाबावी लागते, आणि वाळवंटात पाणीच विकतचे. तिथेच काटकसर होते. मग दोन वर्षांत कडा तुटू लागतात. कडेला आधार देणारी साइडपट्टी वाऱ्याने उडून गेलेली असते.

दुसरी चूक ओढ्याशी. कोरडा ओढा पाहून माणसाला वाटते, इथे कशाला पाणी येणार! दूर डोंगरात ढग फुटतो, आणि इथे आकाश निरभ्र असताना पुरुषभर लोंढा येतो. मोरी घातली तर ती गाळाने आणि झुडपांनी तुंबते आणि पाणी सडक फोडून जाते. त्यापेक्षा आपल्याकडे नाल्यावर करतात तशी फरशी बरी. सडक ओढ्याच्या तळाबरोबर उतरवायची, तेवढ्या भागात काँक्रीट घालायचे, आणि पाण्याला वरून जाऊ द्यायचे. दोन-चार तास वाट बंद राहील, पण वाट राहील. तिथले जुने लोक हेच करतात.

आणि तिसरी गोष्ट सूर्य. उन्हाळ्यात तिथल्या डांबराची पाठ साठ सेंटिग्रेडच्या वर तापते. हिवाळ्याच्या रात्री तीच गोठणबिंदूपर्यंत उतरते. डांबरातला हलका अंश उडून जातो, हवेतल्या प्राणवायूने उरलेले कडक होते. काळा रंग राखाडी पडतो. जो डिंक ताणला जात होता तो आता ताणला की तुटतो. मग थंडीच्या रात्री सडक आखडते आणि आडवी चीर पडते. विशेष म्हणजे, कमी रहदारीच्या वाटेवर हे जास्त जाणवते. चाकांच्या मळणीने डांबर थोडेफार जिवंत राहते. निर्जन वाटेवरचे डांबर न वापरता म्हातारे होते. चीर पडली की तिच्यात वाळू शिरते. उन्हाळ्यात सडक फुगते तेव्हा चीर मिटू पाहते, पण वाळू मिटू देत नाही; कडा दबून चुरतात. आणि मग तो वर्षातला एकच मोठा पाऊस त्या चिरेतून खालच्या थरात उतरतो.

यावर उपाय महाग नाहीत, वेळेवर मात्र हवेत. डांबर साबणासारख्या द्रव्याच्या मदतीने पाण्यात बारीक कणांनी मिसळून ठेवता येते, दुधात स्निग्धाचे कण असतात तसे. ह्यू मॅके या इंग्रज रसायनज्ञाने १९२२ साली याचे पेटंट घेतले. हे मिश्रण थंडच फवारता येते. भट्टी नको, धूर नको. फवारताना तपकिरी दिसते, पाणी उडाले की काळे होते. दर काही वर्षांनी याचा पातळ हात दिला की वरची कोरडी पडलेली साय पुन्हा थोडी ओलावते. जास्त झिजलेल्या सडकेवर जाड हात देऊन बारीक खडी पसरायची आणि रूळ फिरवायचा. १९६० नंतरच्या दशकात फिनिक्स शहराचे इंजिनिअर चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनी जुन्या टायरांचा चुरा गरम डांबरात शिजवून पाहिला. डांबर चिवट झाले, ताण सोसू लागले. चिरा दुरुस्त करायला म्हणून काढलेली ही युक्ती पुढे ॲरिझोनाच्या सबंध सडकांवर गेली. वाळवंटानेच शोधायला लावलेला हा उपाय, म्हणून मला त्याचे अप्रूप वाटते.

डांबर निवडायचे ते हवा पाहून, हेही आता शास्त्रशुद्ध झाले आहे. १९८७ ते १९९३ या काळात अमेरिकेत सडकांचे मोठे संशोधन झाले, त्यातून डांबराला दोन आकडे देण्याची रीत निघाली. एक आकडा किती तापले तरी मऊ पडणार नाही याचा, दुसरा किती गारठले तरी तडकणार नाही याचा. सत्तर आणि उणे दहा असे लिहिले असले की समजावे, माल उष्ण मुलखाचा आहे. थंड प्रदेशातले डांबर स्वस्त मिळाले म्हणून वाळवंटात टाकले, तर जुलैत उभ्या मोटारीची चाके त्यात रुततात.

आणि एक फसवणूक, जिच्याविषयी तिकडे लोकांना वरचेवर सावध करावे लागते. एखाद्या सकाळी ट्रक दारात उभा राहतो. माणूस गोड बोलतो, “पलीकडच्या कामावरचा थोडा माल उरलाय आजोबा, वाया जायचा, अर्ध्या भावात तुमची वाट काळी करून देतो.” संध्याकाळपर्यंत वाट काळीभोर दिसते, रोकड घेऊन ट्रक निघून जातो. थर अर्ध्या बोटाचा, खाली ना खडी ना रूळ; कधी तर नुसते जळके तेल फासलेले. एकट्या राहणाऱ्या, पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्याच दारी हे ट्रक नेमके कसे पोचतात, हे एक कोडेच आहे. ज्यांच्या वाटेला शेजाऱ्यांचा करार आहे आणि दरवर्षी थोडी वर्गणी बाजूला पडते, तिथे हा ट्रक फारसा थांबत नाही. कारण तिथे कुणीतरी विचारतो, थर किती, खाली काय, आणि डांबर कोणत्या आकड्याचे.

चिरा भरायचे काम अशा वस्त्यांवर थंडीत काढतात. थंडीत चीर उघडी असते, तेव्हा भरलेले पोटात बसते. उन्हाळ्यात चीर मिटत आलेली असते, तेव्हा भरलेले आत पुरेसे शिरत नाही. वाऱ्याच्या झोताने आधी चिरेतली वाळू काढायची, मग गरम रबरी डांबर ओतायचे. दोन माणसांचे एका दिवसाचे काम.

आणि त्या फळ्यांच्या सडकेचे काय झाले म्हणाल, तर अस्फाल्ट झाल्यावर बऱ्याच फळ्या लोकांनी सरपणाला नेल्या. ग्रेज वेल नावाच्या जागेजवळ, आजच्या आठ क्रमांकाच्या राजमार्गापासून थोड्याच अंतरावर, सुमारे पंधराशे फुटांचा तुकडा सरकारने जपून ठेवला आहे. लाकूड उन्हाने रापून राखाडी झाले आहे. वारा उलटा फिरला म्हणजे तो तुकडा वाळूखाली जातो, आणि पुन्हा फिरला म्हणजे वर येतो.